मामा, ती पहिली नोंद अजून तशीच आहे

मामा, तुमच्या तेराव्याच्या आमटीला येसराचं मसालेदार पीठ कमी पडलं होतं. आचारी तुमच्याच ओळखीचा, तरी त्यानं दुकानातला येसर आणला आणि तोही हात आखडून घातला. पहिली वाटी वाढतानाच मला रंगावरून कळलं. पंगत उठताना जो तो "छान झालंय, छान झालंय" म्हणत हात धुवायला गेला. तुम्ही असता तर आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं असतं, "येसर कुठला रं ह्यो?" तुम्हाला तुमच्याच तेराव्याच्या जेवणाची नोंद लिहिता आली नाही, असं मनात आलं आणि मला भर मांडवात हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, पण आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, बघितलं. पाहुणे गेल्यावर भांडी पालथी घालताना हळूच म्हणाल्या, "आमटी निस्ती पानीच हुती की गं, रेखा." मग आम्ही दोघी हसलो आणि हसता हसताच रडलो. तुम्ही गेल्यापासून आत्या पहिल्यांदा रडल्या.

गावात तुमच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. जनावरांच्या दवाखान्यातली तुमची नोकरी, किती म्हशी वाचवल्या, कुठल्या पावसात कुठं चालत गेलात, हे सगळे सांगतात आणि खरंच सांगतात. मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय.

तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं ते म्हशीमुळं. तुमची बदली तेव्हा मुरुमला होती. आमची म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. तुम्ही पहाटेपासून कोपरापर्यंत हात घालून बसलात. म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं, आणि आईनं तुम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी घरात हुग्गी होती, गव्हाची खीर. तुम्ही दोन घास खाल्ले आणि थांबलात.

"कुणी केली?"

"पोरीनं," आई म्हणाली.

तुम्ही दाराकडं बघून मलाच विचारलंत, "गूळ दोनदा घातलाव का?"

मी आतून म्हटलं, "व्हय. पहिला कमी पडला."

तुम्ही मोठ्यानं हसलात. "लपवलं न्हाय. ब्येस झालं." दोन महिन्यांनी तुम्ही लेकासाठी मागणी घेऊन आलात. आमच्याकडचे अजून म्हणतात, त्या सासऱ्यानं सून पसंत केलीच नाही, हुग्गी पसंत केली. मला त्या बोलण्याचा कधी राग आला नाही.

भूमला तुमच्या घरी आले तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं हे मी माहेराहून शिकून आले होते. इथंही तीच रीत. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही जेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिलात.

"शेपूची भाजी तुला कशी लागली?"

मी घाबरले. "तुमाला कशी लागली, मामा?"

"माजं ऱ्हाऊ दे. म्या तुला इचारायलाव."

मी अजून जेवले नव्हते. खाली मान घालून तसं सांगितलं. तुम्ही घड्याळाकडं बघितलंत, मग आत्यांकडं. "जिनं केली तिलाच चव ठावं न्हाय?" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हट्टच धरलात. मी एका वाटीत चव घ्यायची, काय कमी, काय जास्त ते सांगायचं, मगच तुम्ही पहिला घास मोडायचा. आत्यांना ते रुचलं नव्हतं. "सुनंला आदी जेवू घालायची नवी रीत काडली का आता?" असं त्या म्हणाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "जेवू न्हाय, चव. त्यात फरक हाय." वर्षभरानं आत्याच स्वतःची वाटी घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहायला लागल्या. मला काय आवडतं आणि काय आवडत नाही, हे या घरात येण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. तिला तरी कोण विचारत होतं?

निवृत्त झाल्यावर तुम्हाला घर खायला उठलं. इतकी वर्षं दौरा करणारा माणूस, एस्टीशिवाय तुमचा दिवस सरेना. तुम्ही पुन्हा फिरायला लागलात, या वेळी जनावरांसाठी नाही, खाण्यासाठी. बेंबळीच्या बाजारातली भजी, उमरग्याकडची कडक भाकरी, कुठल्याशा फाट्यावरचा खवा. परत आलात की खाटेवर बसून सांगायचात आणि मी मोबाइलवर लिहून घ्यायचे. आधी घरच्या ग्रुपवर टाकलं. मग कुणीतरी पुढं पाठवलं. मग फेसबुकवर पान काढलं, आणि बघता बघता कुठले कुठले लोक "मामांची नोंद आली का" म्हणून विचारायला लागले.

तुमच्या नोंदी चार-पाच ओळींच्या. काही मला पाठ आहेत. "बेंबळी, बाजारची भजी. तेल नवं, कांदा जुना. मालकाला सांगितलं, तो व्हय म्हणला." दुसरी एका ढाब्याची, तिच्यावर लोक आठवडाभर हसत होते. "काळं मटण. रस्सा झणझणीत, मसाला घरचा. मालक म्हणतो बोकड आठ महिन्यांचं. आमी हाड बघितलं. बोकडाला नातवंडं आसनार." जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली जन्म काढलेल्या माणसाला बोकडाचं वय फसवणार कोण? त्या मालकाला राग आला नाही. त्यानं तीच नोंद छापून गल्ल्याच्या मागं लावली.

मी तुमच्याशी भांडायचे ते शब्दांवरून. मला वाटायचं नोंद फार उघडी वाटते, थोडं सजवावं. तुम्ही म्हणायचात, "खाल्लं तेवडंच लिव." मी "अप्रतिम" लिहिलं की तुम्ही खोडायला लावायचात. "अप्रतिम म्हंजी काय लागलं तुला जिभंला?"

पुण्याचं आठवतं का? तुमच्या लेकाची, माझ्या नवऱ्याची, तिथली नोकरी नवी होती, आपण दोघं पंधरा दिवस राहायला गेलो होतो. त्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी एक जागा सांगितली होती, तिथंच बीअर तयार करतात आणि तिथंच देतात. तो तुम्हाला विचारायला लाजत होता. तुम्ही म्हणालात, "चला की. बघाया काय हाय." तुम्ही धोतर-टोपी, मी काठापदराची साडी. काचेपलीकडं माणसाच्या दुप्पट उंचीच्या चकचकीत टाक्या. टेबलावर यादी आली, त्यात एक बीअर ज्वारीची होती. तुम्ही यादी खाली ठेवली आणि पोराला म्हणालात, "ह्ये कोन करतंय त्याला बोलव."

एक मुलगी आली, केस वर बांधलेले, पायात रबरी बूट. तीच करणारी. तुम्ही तिला विचारलंत, "ज्वारी कुठली?" ती म्हणाली, "सोलापूरकडची." "मोड आननार, वाळवनार, मग?" तिनं तुम्हाला आत नेलं. तुम्ही मोड आणून वाळवलेले दाणे तोंडात टाकून चावले, डोळे मिटले. "रेखा, हिकडं ये. बघ." मीही चावले. आधी गोड, मग भाजल्याचा वास. मग तुम्ही त्या मुलीला आपल्या आंबिलीबद्दल सांगितलंत, उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ कसं आंबवतात, किती वेळानं आंबट होतं, मटक्याला फडकं का बांधतात. ती वही आणून लिहून घेत होती.

ग्लास आले. तुमचा लेक माझ्याकडं बघेना. मी माझ्यासाठी लिंबू सरबत सांगितलं होतं. तुम्ही तुमचा ग्लास माझ्यासमोर सरकवलात. "आदी नाकानं. मग येक घोट. पियाचं न्हाय, चवीपुरतं." सासऱ्यापुढं सुनेनं बीअरला तोंड लावायचं! माझे कान तापले. पण तुमच्या तोंडावर थट्टा नव्हती. भाजीची चव विचारताना असायचं तेच तोंड. मी घोट घेतला. कडू, मग आंबट, आणि अगदी शेवटी भाकरी करपल्यासारखं काहीतरी.

"काय लागलं?"

"भाकरीचा पापुद्रा करपल्यावानी."

तुम्ही टेबलावर हात मारलात. "आगदी! मला त्योच शबूद घावत नव्हता." त्या दिवशीची नोंद तुम्ही अशी सांगितलीत. "पुणे. ज्वारीची बीअर. आपल्या आंबिलीची शिकाया गेलेली लेक हाय. घरच्या वळणावर हाय, पन थोडी कडू झालीया. करनारी पोरगी हुशार. चव सांगितली सुनेनं." शेवटचं वाक्य टाकू का नको म्हणून मी रात्रभर तळमळले. आत्यांना काय वाटेल, मुरुमला काय वाटेल. टाकलं. आत्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "करपल्यावानी का लागतंय त्ये?"

आता शालनबाईंचं.

बार्शीच्या रस्त्याला त्यांची खानावळ. पत्र्याखाली चार बाकं, एकटी बाई, एस्टीचे लोक आणि शाळेतले गुरुजी जेवायला यायचे. तुम्ही एकदा जेवून आलात आणि कुरकुरतच नोंद सांगितलीत. "भाकरी चांगली, ठेचा चांगला. वरन कच्चं. डाळ दाताखाली येती. घाई दिसती." झोप आली म्हणून तुम्ही आडवे झालात. मी टाइप केलं आणि मला ते अर्धवट वाटलं. खाली मी एक ओळ घातली. "मनापासून केलेलं नाही." तुम्हाला वाचून दाखवलं नाही. तसंच टाकून दिलं.

तिसऱ्या दिवशी पानावरच्या नंबरावर फोन आला. "म्या शालन बोलायले. ताई, वरन कच्चं म्हणा, खारट म्हणा, काय बी लिवा. मनापास्नं न्हाई आसं कसं लिवलंव? येकटी हाय वो म्या. पाचला उटते." त्यांच्याकडं गुरुजी येईनासे झाले होते. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

मी तुम्हाला सांगितलं की बाई दुखावली आहे, नोंद काढून टाकू. तुम्ही चष्मा मागवलात, नोंद वाचलीत. शेवटच्या ओळीवर तुम्ही थांबलात, हे मी बघितलं. एकदा माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "टाकलेलं काडायचं न्हाय."

मी तुमच्यावर ओरडले, मामा. या घरात पहिल्यांदाच. तुम्हाला माणसाची किंमत नाही, तुमची जीभच तेवढी खरी, असं काहीबाही बोलले. यापुढं एक अक्षर टाइप करणार नाही म्हणाले. दीड महिना आपण वाटीपुरतंच बोललो. तुम्हाला वाटलं असेल मी शालनबाईंसाठी भांडतेय. खरं म्हणजे मला माझी ओळ पुसायची होती.

एक दिवस तुम्ही काही न सांगता सकाळच्या गाडीनं गेलात. संध्याकाळी आलात ते धोतर चिखलानं भरलेलं. पाणीसुद्धा न घेता सांगायला बसलात. तुम्ही शालनबाईंच्या चुलीपाशी जाऊन बसला होतात. डाळ पहाटेच भिजत घातलेली, तासनतास शिजत होती आणि दाणा फुटत नव्हता. मग तुम्ही पातेल्याच्या आत बोट फिरवलंत. पांढरा जाड थर. पाण्याचा घोट घेतलात. जुनी विहीर आटल्यावर त्यांनी बोअर मारली होती, खोल, आणि ते पाणी खारं होतं. तुम्ही रानात चालत गेलात, एका जुन्या आडाचं पाणी गोडं निघालं, दोन घागरी भरून आणल्यात. त्या पाण्यात तीच डाळ घातली, आणि ती लोण्यासारखी झाली.

"म्या त्या बाईंपुडं हात जोडले," तुम्ही म्हणालात. "बाई, म्या चुकलो म्हणलं. त्या म्हणल्या, बसा, आनखी वरन वाडते." मग माझ्याकडं वळलात. "घे मोबाइल. लिहून घे."

मी घेतला. शपथ विसरले.

"शालनबाईंचं वरन. चूक आमची झाली. पानी खारं हुतं, बाईंचं मन न्हाय. गावोगावची जनावरं कुठल्या पान्याला तोंड लावत न्हाईत ह्ये बघत जलम गेला, तरी माणसाच्या ताटातलं पानी वळखू आलं न्हाय. आता वरन गोड्या पान्याचं हाय. जावा आन जेवा."

लोक गेले. गुरुजी परत आले. मी पुन्हा म्हटलं, मामा, आता तरी पहिली नोंद काढू. तुम्ही म्हणालात, "दोनी ऱ्हाऊ देत. चुकलेलं बी दिसाया पायजे." हा वाद आपण नंतर किती वेळा घातला! मी चिडायचे, तुम्ही हसायचात. कधीही मिटला नाही.

मग तुमच्या घशाचं दुखणं निघालं. सोलापूरला रेडिएशनचा शेक द्यायला सुरुवात झाली आणि महिन्याभरात तुमची चव गेली. तुम्ही वेदनेबद्दल तक्रार केली नाहीत. पण एक दिवस ताकाचा घोट घेऊन तुम्ही भांडं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "खडू कालवल्यावानी लागतंय सगळं." तुमचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत. "तू खा. आन मला सांग."

हुरड्याचे दिवस होते. शेताच्या कडेला आगटी पेटवली होती, कणसं तिथंच भाजून चोळली होती. तुम्ही घोंगडी पांघरून खाटेवर होतात. मी मूठभर दाणे तोंडात टाकले. "छान आहेत," म्हटलं.

तुम्ही चिडलात. "छान म्हंजी? त्ये म्हशीला बी कळतं. नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. दाणा दाताखाली फुटतो तेव्हा आधी कोवळं दूध येतं. मग गोड. मग गोवरीच्या धुराचा वास, तो नाकात आधी येतो आणि जिभेवर नंतर. थोडं मीठ-शेंगदाण्याची चटणी घेतली की गोड आणखी पुढं येतं. दोन दाणे निबर होते, त्यांना पिठाची चव होती. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि तुमचा जबडा हळूहळू हलत होता. "निबर दोनच?" तुम्ही विचारलंत. "दोनच." "मग येळ साधलीया," तुम्ही म्हणालात, आणि किती तरी दिवसांनी समाधानानं आडवे झालात. शेवटचे दोन महिने मी तुमच्यासमोर रोज जेवले. आत्या तुमच्या तोंडात पेज घालायच्या आणि मी बोलत राहायचे. एवढं बारीक मी आयुष्यात कधी जेवले नव्हते. सासऱ्याची सेवा केली म्हणून लोक माझं कौतुक करतात. त्यांना काय सांगू? त्या दिवसांत मिळालं मलाच.

पण त्या दोन महिन्यांतही ती ओळ माझी आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज ठरवायचे. तुम्ही दमलेले असायचात, मग उद्या म्हणायचे. एक दिवस उद्या उरलाच नाही.

म्हणून परवा मी एस्टीनं शालनबाईंकडं गेले. एकटीच. दुपारची गर्दी ओसरली होती. त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मी मामांची सून म्हणून सांगितल्यावर त्यांनी हातातला तवा खाली ठेवला आणि मला जवळ घेतलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "बाई, ती ओळ मामांची नव्हती. मी घातली होती. मनापासून नाही असं मी लिहिलं."

त्यांनी खाली ठेवलेला तवा उचलून चुलीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मामा आले हुते तवा म्या इचारलं की, बाकी सोडा, मनापास्नं न्हाई आसं का लिवलं. तर मान खाली घालून म्हणले, बाई, लिवलं म्याच, चुकलं बी म्याच. तुजं नाव न्हाई घेतलं त्यांनी."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी चष्मा लावून वाचलंत तेव्हापासून माहीत होतं. मी तुम्हाला काय काय बोलले, दीड महिना तोंड फिरवून होते, आणि तुम्ही ते सगळं स्वतःच्या नावावर घेऊन एस्टीत बसलात.

"बस," शालनबाई म्हणाल्या. "उपाशी जायचं न्हाई."

बाकावर बसूनच मी मोबाइल काढला. पहिली नोंद तशीच ठेवली, मामा. तुमचं म्हणणं मला पटलं, उशिरा का होईना. फक्त तिच्याखाली एक ओळ घातली. "यातलं शेवटचं वाक्य मामांचं नाही. ते माझं होतं, आणि चुकीचं होतं. रेखा." आधी कधीच मी तिथं माझं नाव लिहिलं नव्हतं.

तोवर ताट आलं होतं. गरम वरण, वर तुपाची धार. शालनबाई समोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलल्या नाहीत.